दुःख थांबवणारं हेल्मेट

उत्तम बांधकामावर पाचव्या मजल्यावरून पडून गेला, त्याला पंधरा दिवस झाले आणि त्याची बायको कौतिका पुन्हा त्याच इमारतीवर कामाला आली. फाटकाशी हेल्मेट डोक्यावर चढवताच तिच्या छातीतली कळ थांबली. दुःखी माणसाचा उंचावर तोल जातो, म्हणून ही नवी हेल्मेटं कामापुरतं दुःख जाणवूच देत नसत.

दुपारी जेवताना कुणाच्या तरी थट्टेवर कौतिका खळखळून हसली. संध्याकाळी हेल्मेट उतरवलं तेव्हा ते हसू आठवून ती फाटकातच मटकन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सुरक्षा अधिकारी असलेल्या पल्लवीला गाठलं. "मॅडम, मला साधं हेल्मेट द्या. मी खाली वाळू चाळीन."

"कौतिकाबाई, त्यात फार त्रास होईल."

"होऊ द्या. माझा माणूस गेलाय आणि मी हसत होते."

पल्लवीने साधं हेल्मेट आणून दिलं. कौतिका वाळू चाळता चाळता रडत राहिली.

दुपारी उत्तमचा कामावरचा जोडीदार हरिदास वरून उतरला. तिच्याजवळ येऊन त्याने आपलं नवं हेल्मेट काढलं.

"वहिनी, माझ्या हातातून त्याचा हात सुटला," तो म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडू लागला.