वाढत्या अंगाचा सूट

सहा सेकंद. आईच्या गळ्यातली टेप. काखेत फडफडणारं जास्तीचं कापड. रविवारचा कडा. बलूनमधून उडी मारल्यावर विंगसूटच्या, म्हणजे हातापायांमध्ये कापडी पंख असलेल्या सूटच्या, पंखांत हवा भरून मी पाच सेकंदांच्या आत उडायला लागले, तरच रविवारी कड्यावरून उडी मारायला मिळणार होती. मी सहा सेकंद दगडासारखी पडले, मग कुठे उडायला लागले. पॅराशूट उघडून खाली उतरल्यावर प्रशिक्षक म्हणाले, “हा सूट आहे की तंबू? एवढ्या पंखांत हवा भरेपर्यंत माझं जेवण उरकेल. लहान करून आण.”

आई कारखान्यात पॅराशूट शिवते. सूटही तिनेच शिवला होता. मी तो तिच्या मशिनवर आपटला. “आई, किती मोठा शिवलास गं?” “वाढत्या अंगाचा शिवलाय.” “मी एकतीस वर्षांची आहे! आता कुठे वाढणार?” शेजारच्या मशिनवरच्या काकू फिसकन हसल्या. आईने टेप काढली, खडूने रेघ मारली आणि दोन्ही पंख वीतभर आत घेतले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उडी मारली. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत काखेतलं कापड ताठ झालं. चार म्हणायच्या आत मी पुढे उडत होते. “रविवारी ये,” प्रशिक्षक म्हणाले, “पण सराव वाढला की मोठाच सूट लागेल हं.” मी सूट उलटा केला. आतल्या शिवणीत सगळं कापड न कापता दुमडून ठेवलेलं होतं. पहिलीचा गणवेश मी चौथीपर्यंत घातला होता, दरवर्षी एक टीप उसवून.