घोड्याचा कान

मागच्या वेळी ऑनलाइन गिऱ्हाइकाने बाबांचा चांगला कॅमेरा ठेवून दुसराच मोडका परत पाठवला, तेव्हापासून खुणेशिवाय काही पाठवायचं नाही, असा त्यांनी कानाला खडा लावला होता. या वेळी विकला होता आता परगावी असलेल्या लेकीचा लहानपणचा लाकडी घोडा. कुरियरवाला यायच्या आत बाबा ओळखीच्या खुणेसाठी जागा शोधत होते. आई हसली. “अहो, खूण कशाला? डावा कान बघा की! दात येताना लेकीने कुरतडलाय.” बाबांनी कानाचा फोटो काढला, व्रणांवरून हळूच अंगठा फिरवला आणि खोका बंद केला. घोडा पोचला, तसा गिऱ्हाइकाकडून कानाचाच फोटो आला. “बदलला लबाडाने!” बाबा तडकले. “हा कान वेगळाच!” आईने चष्मा लावला. कान उजवा होता. त्यावर दोन इवल्या दातांच्या खुणा, लाळेने ओल्या. खाली मजकूर: ‘आमच्या बाईसाहेब सोडतच नाहीत.’ बाबांनी फोटो लेकीला पाठवला: ‘तुझी जागा भरली गं!’