चुकलेली भुवई

वडील गेल्यावर बंद पडलेलं सलून नेरीना शनिवारी पुन्हा उघडणार होती. भिंतीवर लावायला तिने माझ्या उन्हाळी वर्गात त्यांचा चेहरा मोझेकमध्ये केला. आमच्या रावेन्नात काचेचे तुकडे आधी कागदावर पालथे चिकटवतात आणि ते फळीवर बसले की कागद सोलतात, म्हणून रेखाटन अगोदरच उलटून घ्यावं लागतं. नेमकं तेच ती विसरली. कागद सोलला, तर डाव्या भुवईवरचा व्रण उजव्या भुवईवर!

"सख्ख्या बापाची भुवई चुकली, आणि म्हणे गिऱ्हाइकांची दाढी करणार!" तिची आत्या पिएरा फणकारली. "फोडून टाक ते!"

मी छिन्नी पुढे केली.

नेरीनाने चित्राकडे बघत छिन्नी बाजूला सारली. मग हसली. "राहू दे बाई. असंच लावणार."

शनिवारी पहिले आले तिच्या वडिलांचे जुने गिऱ्हाईक, म्हातारे सिल्वानो. चित्र बघून त्यांचे डोळे भरले. "अगदी हुबेहूब गं पोरी!"

"हुबेहूब कसलं? व्रण बघा की जरा!" आत्या म्हणाली.

नेरीनाने सिल्वानोंना खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं आणि समोरच्या आरशाकडे बोट दाखवलं.

"आत्या, हे आयुष्यभर बाबांना इथे बघत आलेत."