अकरा पोरांचा पुढारी

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण एका स्वर्गवासी पुढाऱ्याची अब्रू मी भर सभेत एकट्याने वाचवली होती. साल शहात्तर, नसबंदीचं. पडघ्याच्या नव्या शाळेला सावळाराम पुढाऱ्याचं नाव द्यायचं गावानं ठरवलं होतं. स्वातंत्र्यासाठी दोनदा तुरुंगात गेलेला माणूस! पण भिवंडीहून आलेले साहेब अडून बसले. "अकरा पोरांचा बाप? आजच्या काळात हा आदर्श मुलांपुढे ठेवायचा? दुसरं नाव सांगा."

मी उठलो. "साहेब, त्याची स्वतःची दोनच. बाकीची सगळी बिचाऱ्याने सांभाळायला घेतलेली. चार नदीच्या पुरात पाळण्यासकट वाहत आली, तीन भिवंडीच्या निजामपुऱ्यात कापडाच्या गाठोड्यात सापडली आणि दोन तर गोरा कलेक्टर देश सोडताना विसरून गेला."

साहेबांचा चेहरा निवळला. सहीसाठी त्यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून पुढाऱ्याची बायको, ऐंशीला टेकलेली रंगूबाई, कडाडली, "मेल्या, मंग त्या नऊ खेपांना कळा काय तू दिल्यास?"