शेवटचं झाकण

नवऱ्याने भंगारातून गिटारी बनवायला घेतल्या आणि तिची पातेली उघडी पडली. मोडक्या खुर्चीचे पाय, जुन्या कपाटाची फळी आणि आवाज घुमावा म्हणून प्रत्येक गिटारीच्या पोटात तिच्या पातेल्याचं एकेक झाकण!

"पातळ अ‍ॅल्युमिनियमसारखं दुसरं काही थरथरत नाही गं," तो समजवायचा.

"मी थरथरते ना, रागाने!" ती म्हणायची.

एकच झाकण उरलं, तेव्हा ते तरी वाचावं म्हणून तिने त्याच्या वाढदिवसाला दुकानातली कोरी करकरीत गिटार आणली. त्याचे डोळेच भरून आले.

 

"नुसतंच लाकूड होतं गं," दुसऱ्या दिवशी तो हरखून सांगत होता, "पोट कापून तुझं ते झाकण बसवलं, तेव्हा कुठे तिला कंठ फुटला!"