उजव्या बाजूची लिंक

पुढच्या उजव्या चाकामागची लिंक पुन्हा गेली होती. केवळराम मेश्राम गाडीखालून सरकत बाहेर आला, फडक्याला हात पुसले आणि कमाल आहे बुवा या गाडीची, एवढंच म्हणाला.

भैयाजी कटरे स्टुलावर बसले होते. नवेगाव बांधच्या घरापासून सौंदडच्या या गॅरेजपर्यंत रस्ताभर टकटक आवाज येत होता, असं त्यांनी सांगितलं. हातात पळसाच्या पानांत बांधलेली तलावातली मासोळी होती. ती त्यांनी आत नेऊन ठेवली. गॅरेजच्या मागेच केवळरामची खोली होती. चुलीवर भात शिजत होता, दोघांना पुरेल एवढा.

लिंक म्हणजे वीतभर लांबीची दांडी. वळणावर गाडी एका अंगाला झुकू नये म्हणून खाली आडवा बार असतो, त्याला ही चाकाशी जोडून ठेवते. साध्या गाडीत वर्षानुवर्षं तिचं नावही निघत नाही. पण ही गाडी साधी थोडीच होती? लाल, दोन दारांची, जमिनीला पोट लावून पळणारी स्पोर्ट्स कार. भैयाजींच्या हिमांशूने नागपूरहून हौसेने आणली, आणि वर्षभरात नोकरी धरून स्वारी कॅनडाला गेली. भैयाजींची बायको नंदाबाई तर त्याआधीच वारल्या होत्या. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला बाप आणि असली गाडी, दोघंच घरात उरले. आता काय म्हणावं या पोरांना!

हिमांशू फोनवर एकच गोष्ट विचारायचा, आवाज गेला का? नागपूरला गिऱ्हाईक तयार होतं. गाडी धड झाली की विकायची. भैयाजींनी हे केवळरामला पहिल्याच खेपेला सांगून टाकलं होतं. सांगताना त्यांचा चेहरा पार उतरला होता.

केवळरामने काही करायचं ठेवलं नव्हतं. बार वाकला आहे का ते पाहिलं, सरळ होता. बारची रबरं नवी टाकली. हिमांशूने स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली होती, म्हणून लिंक बुटकी मागवली. जॅकवर चाक लोंबकळत असताना नट आवळला तर सांधा पिळतो, म्हणून चाकं जमिनीवर टेकवून आवळला. तरी महिना उलटायच्या आत गाडी दारात हजर. उजवीकडे सांध्यावरचं रबरी टोपण फाटायचं, आत माती जायची आणि सांधा खिळखिळा व्हायचा. डावीकडे टोपण ठणठणीत, पण नट ढिला पडायचा. दोन्ही बाजूंना मिळून एकच रोग असणार, असं धरून तो बोलायचा. रस्त्याला शिव्या द्यायचा, स्पीडब्रेकरला द्यायचा. त्या गाडीला भैयाजी आणि तो सोडून तिसऱ्याचा हात लागत नव्हता.

काम होईपर्यंत दुपार व्हायची. मग दोघं जेवत. नवेगावात कोणी विचारलंच, की भैयाजी, तुम्ही मेश्रामाच्या घरी जेवता म्हणे, तर भैयाजी सांगत, गाडी बिघडली, उपाशी राहू काय? गावात त्यांच्याशी बोलायला येणारे धानाच्या भावाचं विचारून निघून जात. इथे ते नंदाबाईंबद्दल बोलत. केवळराम त्याच्या वारलेल्या बायकोबद्दल, कुसुमबाईबद्दल बोले. तिच्या फोटोला तो रोज ताजं फूल वाही. मुलगी अल्का लग्न होऊन रायपूरला, तिचा फोन आला तर आला. बाकीचे दिवस तो रेडिओ लावून ठेवी, खोलीत आवाज असावा म्हणून.

आज मात्र केवळराम काढलेली लिंक हातात घेऊन बराच वेळ बसला. टोपण उन्हात धरलं. फाटलेलं रबर दातेरी असतं. याची कड सरळ होती.

तो भैयाजींच्या समोर येऊन बसला.

"भैयाजी, हे रबर फाटलं नाही. कापलं आहे."

भैयाजींनी मान खाली घातली. चुलीवरचा भात करपायला लागला तरी कोणी उठलं नाही.

"ब्लेडनं कापतो मी," ते शेवटी म्हणाले. "गाडी बरी झाली का हिमांशू विकून टाकीन. मंग मी कुठं जाऊ सांग? घर खायला उठते."

केवळरामने लिंक खाली ठेवली.

"गाडी नसली तरी येत जा ना. बसनं या."

"बिनकामाचं कोनाच्या दारात कसं जाऊन बसू? लोक काऊन गेला म्हणून विचारतीन. आन तू तरी? तू कामाचा माणूस. मले वाटे, तुले ताप देऊन राहिलो मी. दर खेपेले उनातान्हात गाडीखाली घुसते, डोस्कं खाजवते. लाज वाटे मले."

त्यांचे डोळे भरून आले होते. आता नाही करणार, ते म्हणाले. हिमांशूला आजच सांगतो, गिऱ्हाईक पाठव म्हणून.

पाना उचलून केवळराम पुन्हा गाडीकडे गेला आणि डाव्या चाकापाशी वाकला. भैयाजी धोतराच्या सोग्याने डोळे पुसत त्याच्या मागे येऊन उभे राहिले.

"एक सांग मले, केवळराम," ते हळूच म्हणाले. "मी तं फक्त उजवीकडचं रबर कापत होतो. हा डावीकडचा नट कोन ढिला करत होता?"