मतदानापुरता रॅम्प

"मिस्त्री, आटपा जरा. अजून अकरा शाळा राहिल्यात," निवडणूक कचेरीचा कारकून टेम्पोला टेकून म्हणाला.

सुतार शाळेच्या पायऱ्यांपाशी उकिडवा बसला होता. समोर त्यानेच परवा बसवलेला लाकडी रॅम्प. पाच पायऱ्यांवरून अंगणात अलगद उतरणारा, दोन्हीकडे कठडे, चाक घसरू नये म्हणून वर खरखरीत पट्टी. काल मतदान झालं. आज रॅम्प काढायचा, असा हुकूम होता, आणि काढायचं कामही त्याच्याकडेच आलं होतं.

त्याची अकरा वर्षांची लेक याच शाळेत शिकत होती. चाकांच्या खुर्चीत बसून. रोज सकाळी तो तिला पाठुंगळी घेऊन वर पोचवायचा, मग खुर्ची वर न्यायचा आणि कामाला पळायचा. चारला येऊन उतरवायचा. मधल्या वेळात कोण उतरवणार? आणि मुलींचं स्वच्छतागृह खाली, अंगणाच्या पार टोकाला. म्हणून ती सकाळपासून चार वाजेपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे. वर्षात दोनदा तापाने फणफणली, लघवीत जंतू निघाले. पोरीला पाणी पाजत नाही का, म्हणून डॉक्टरांनी बापालाच झापलं.

आज सकाळी ती एकटी वर गेली. मग उगाच खाली आली आणि पुन्हा वर गेली. पहिल्या दोन तासांत अख्खी बाटली प्यायली. मधल्या सुट्टीत आपली आपण उतरली, जाऊन आली, नळावर बाटली भरून घेतली. आता ती बाटली मांडीवर ठेवून बापाच्या मागे बसली होती.

"साहेब, हा एक राहू द्या," सुतार म्हणाला. "चाळीसातला एक."

"चाळीसच्या चाळीस गोदामात जमा करायचेत."

"गोदामात काय करणार त्याचं?"

"ठेवणार. पुढच्या निवडणुकीला लागेल ना."

मुख्याध्यापिका बाई फाइल घेऊनच बाहेर आल्या. चार वर्षं त्या लोकप्रतिनिधींच्या मागे लागल्या होत्या. नऊ पत्रं. नऊही पत्रांना एकच छापील उत्तर: आपली मागणी विचाराधीन आहे. गेल्या वर्षी सुताराने वैतागून स्वतःच्या फळ्यांचा रॅम्प बसवला, तर आठ दिवसांत नोटीस. सरकारी इमारतीला विनापरवाना बांधकाम. परवाना कसा मिळतो? लोकप्रतिनिधींच्या शिफारशीने. म्हणजे फिरून तिथेच. आणि हेच महाशय काल मत द्यायला इथे आले, धडधाकट पायांनी रॅम्पवरून ऐटीत खाली उतरले आणि कठड्यावर थाप मारून म्हणाले, उत्तम सोय केलीत. आता यावर कपाळाला हात लावायचा, दुसरं काय.

"त्यांना फोन लावा, मी बोलते," बाई म्हणाल्या.

"ते पदावर नाहीत आता. मुदत संपली. नवे कोण ते शुक्रवारी कळेल."

"म्हणजे आजच्या घडीला आम्हाला कोणी वाली नाही?"

"तांत्रिकदृष्ट्या, नाही."

"चार वर्षं तांत्रिकदृष्ट्या होता, त्याने काय दिवे लावले?"

कारकून माणूस वाईट नव्हता. दोन दिवस घरी गेला नव्हता, दाढीचे खुंट वाढलेले. त्याने तक्ता काढला. "रॅम्प किती जणांनी वापरला, तेवढं लिहायचंय. काल तिघं झाले. दोन आजोबा आणि एक कुबडीवाल्या बाई."

"आज सकाळपासून ही एकटी चारदा वरखाली झाली," सुतार म्हणाला. "ते लिहा."

"रकाना मतदारांचा आहे, मिस्त्री. ही मतदार नाही."

"मी कधी होणार?" पोरीने विचारलं.

"होशील की. अजून सात वर्षांनी."

"तोवर माझी शाळा संपेल, काका."

कारकुनाने रकान्यात तीनचा आकडा भरला.

सुतार कामाला लागला. नाही म्हणून उपयोग नव्हता. तो नाही तर दुसरा मिस्त्री आला असता आणि फळ्या वेड्यावाकड्या उचकटून गेला असता. स्क्रू निघता निघेनात. रोज चाकं जाणार अशाच हिशेबाने त्याने ते आवळले होते. परवा बसवताना त्याला माहीत होतं की हे एका दिवसाचं काम आहे, पण हाताला कोण सांगणार? शेवटची फळी टेम्पोत चढली तेव्हा सुट्टी संपल्याची घंटा झाली. पोरं दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली.

"इथे सही करा," कारकुनाने कागद पुढे केला. "जागा पूर्ववत करून दिली, म्हणून."

"थांबा."

सुताराने लेकीला पाठुंगळी घेतलं. तिच्या हातातली बाटली प्रत्येक पायरीला त्याच्या छातीवर आपटत होती. पाच पायऱ्या चढून त्याने तिला दाराशी बाकावर बसवलं, धापा टाकत खाली आला, खुर्ची उचलून वर नेली, तिला तिच्यात बसवलं, पाय नीट ठेवले. पुन्हा खाली येऊन शर्टाला हात पुसले आणि पेन घेतलं.

"आता झाली पूर्ववत," तो म्हणाला आणि सही केली.

कारकून टेम्पोत जाऊन बसला.

"बाबा."

लेक दारातून वाकून बाटली पुढे करत होती. गळ्यापर्यंत भरलेली.

"ही घेऊन जा," ती म्हणाली. "मला नाही लागणार."